चेन सॉचं ऑइल आणि डब्यावरची दोन अक्षरं

चेन सॉच्या इंजिनाला ऑइलचा चेंबर नसतो. मोटारसायकलच्या किंवा ट्रॅक्टरच्या इंजिनात ऑइल खाली साठलेलं असतं, पट्टी बुडवून त्याची पातळी बघता येते, काळं पडलं की काढून नवं भरता येतं. चेन सॉसारख्या टू-स्ट्रोक मशीनमध्ये यातलं काहीच नाही. पेट्रोलमध्ये मिसळलं तेवढंच ऑइल. ते पेट्रोल आणि हवेबरोबर आधी क्रँककेसमध्ये शिरतं, क्रँकच्या आणि कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगला लागतं, पोर्टमधून वर चढतं, पिस्टन आणि सिलिंडर यांच्यामध्ये पातळ थर धरतं आणि शेवटी पेट्रोलबरोबर जळून सायलेन्सरमधून बाहेर पडतं. या ऑइलकडून आपण दोन उलटसुलट अपेक्षा करतो. पिस्टनवर असेपर्यंत त्यानं तापात टिकून राहावं, आणि जळायची वेळ आली की मागे राख-काजळी न ठेवता जळून जावं. ऑइलच्या डब्यांमधला सगळा फरक या दोन अपेक्षांच्या मधल्या जागेत असतो.

मराठवाड्यात हा ताप जरा जास्तच. नांदेड जिल्ह्यात किनवट-माहूरच्या बाजूला सागाचं जंगल आहे. लातूर जिल्ह्यात जंगल एक टक्क्याहूनही कमी, त्यामुळे तिथे चेन सॉ, म्हणजे कटर मशीन, चालते ती मुख्यतः बांधावर: बाभूळ, लिंब, चिंच, सुबाभूळ, ओढ्याकाठी माजलेली वेडी बाभूळ. तुळजापूर, लातूर, नांदेड, यवतमाळ असा जाणारा ३६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग रुंद होताना रस्त्याकडेची झाडंही याच मशीननी आडवी झाली. (साग, चिंच, आंबा, मोह अशी झाडं स्वतःच्या शेतातली असली तरी १९६४च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्याखाली आधी परवानगी लागते. ती घेतलेली आहे असं धरूनच पुढचं लिहितो.) तोडीचं काम जोरात असतं ते रब्बी घरात आल्यापासून मृगापर्यंत, म्हणजे नेमकं पारा ४२च्या वर असताना. वाळलेली बाभूळ आणि जुनी चिंच ही लाकडं मशीनला दमवणारी. सागाच्या लाकडात सिलिका असते, त्यामुळे साखळीचे दात लवकर बोथट होतात. बोथट साखळी चिपाऐवजी पीठ पाडते, मग माणूस मशीन दाबून धरतो आणि इंजिन आणखी तापतं.

आकड्यांत बघू. ठेकेदारांकडे असते तशी ७२ सीसीची मोठी मशीन घ्या. तिच्या पिस्टनचा स्ट्रोक ३४ मिलिमीटर. लाकडात चालताना मिनिटाला १०,००० फेरे धरले तर सेकंदाला १६६ फेरे होतात, आणि टू-स्ट्रोक असल्यानं प्रत्येक फेऱ्याला एक स्फोट. पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला ११ मीटरच्या वर जातो. थंड करायला पाण्याचा रेडिएटर नाही. फ्लायव्हीलचा पंखा जेवढी हवा सिलिंडरच्या पात्यांवरून फिरवील तेवढंच. त्या पात्यांमध्ये भुसा आणि धूळ बसली की तेही निम्मं होतं. अशा ठिकाणी पिस्टन आणि सिलिंडर यांना एकमेकांपासून दूर ठेवणारी एकच गोष्ट आहे: लिटरमागे वीस-पंचवीस मिलिलिटर ऑइलमधून आलेला तो थर.

टू-स्ट्रोकचं ऑइल आपल्याकडच्या माणसाला नवीन नाही. १९७२ साली लुना आली, त्याच सुमारास बजाजची चेतक आली, राजदूत त्याआधीपासूनच होती, पुढे आरएक्स १०० आली. दोन पिढ्यांनी पंपावर उभं राहून "दोन टक्के ऑइल टाका" असं सांगितलेलं आहे. हे ज्ञान आजही चेन सॉ, ब्रश कटर आणि पेट्रोलवरच्या फवारणी पंपाला जसंच्या तसं लावलं जातं, आणि गडबड तिथे होते. चेतकचं इंजिन सुमारे १४५ सीसीचं, ते चढाला दमायचं, उताराला विसावायचं, सिग्नलला थांबायचं. चेन सॉ लाकडात शिरली की फुल रेसवर. विसावा मिळतो तो फक्त एका कापावरून दुसऱ्या कापाकडे जाताना. स्कूटरला जे ऑइल पुरत होतं ते इथे पुरेलच असं नाही.

त्याच काळातून आलेली दुसरी समजूत धुराची. सायलेन्सरमधून निळा धूर दिसला की ऑइल बरोबर पडलंय, इंजिन सुरक्षित आहे. पूर्वीच्या ऑइलला ते काही अंशी लागू होतं, कारण ते ऑइल धुराशिवाय जळतच नसे. या धुरापायीच १९९८ साली सर्वोच्च न्यायालयानं दिल्लीत पंपावर सुटं टू-टी (म्हणजे टू-स्ट्रोकचं) ऑइल विकायला बंदी घातली आणि आधीच मिसळून दिलेलं पेट्रोल-ऑइल द्यायला लावलं. सुट्या ऑइलमध्ये दोन दोष होते: प्रत कसली ते कळायचं नाही, आणि प्रमाण हाताच्या अंदाजावर जायचं. आपल्याकडे तालुक्याच्या बाजारात अजूनही बाटलीत ओतून दिलेलं, लेबल नसलेलं ऑइल मिळतं. त्याला हात लावू नये, एवढं मी ठामपणे सांगेन.

आता डब्याकडे वळू. पुढच्या बाजूचं चित्र, 'सुपर', 'पॉवर', 'प्रो' हे शब्द सोडून द्या. डबा फिरवून मागची बारीक अक्षरं वाचा. तिथे जासो असं लिहून पुढे एफबी, एफसी किंवा एफडी असेल. जासो ही जपानच्या वाहन उद्योगाची प्रमाणसंस्था. नव्वदीच्या दशकात तिनं टू-स्ट्रोक ऑइलसाठी चाचण्या ठरवल्या: एक ठरावीक संदर्भ-ऑइल घ्यायचं, त्याला १०० गुण द्यायचे, आणि नव्या ऑइलची छोट्या एअर-कूल्ड इंजिनांवर त्याच्याशी तुलना करायची. गुण जास्त म्हणजे ऑइल चांगलं. एफबी, एफसी आणि एफडी या तिन्हींना वंगणासाठी किमान ९५ गुणच लागतात. म्हणजे पिस्टनची झीज रोखण्याची किमान पात्रता तिघांची सारखीच. महाग डब्यातलं ऑइल 'जास्त गुळगुळीत' असतं ही समजूत इथेच निकालात निघते.

फरक आहे तो स्वच्छतेत आणि धुरात. पिस्टन आणि रिंगा स्वच्छ ठेवण्यासाठी एफबीला ८५ गुण पुरतात, एफसीला ९५ लागतात, एफडीला १२५. धुराच्या चाचणीत एफबीला ४५ गुण चालतात, एफसी आणि एफडीला ८५ हवेत. सायलेन्सर आणि एक्झॉस्टचा मार्ग काजळीनं न चोंदण्यासाठी एफबीला ४५, वरच्या दोघांना ९०. चेन सॉला यातलं काय लागतं? पिस्टनची रिंग तिच्या खाचेत मोकळी हलायला हवी. खाचेत ऑइल करपून लाखेसारखा थर बसला की रिंग अडकते, गॅस खाली गळतो, पिस्टनच्या कडेचा ऑइलचा थर जळतो आणि मशीन ओढ सोडते. वंगण भरपूर असूनही इंजिन जातं ते असं. दिवसभर फुल रेसवर राबणाऱ्या मशीनला म्हणूनच एफडीचा तो १२५चा आकडा उपयोगाचा. आठवड्यातून एकदा सरपण कापणाऱ्याला एफसी पुष्कळ झालं. एफबी मी फक्त नाइलाज असेल तेव्हाच भरीन.

काही डब्यांवर जासोऐवजी आयएसओ ईजीबी, ईजीसी, ईजीडी असं असतं. ही त्याच उतरंडीची आंतरराष्ट्रीय नावं, ईजीडी म्हणजे साधारण एफडीच्या पायरीचं. भारतीय डब्यांवर बहुतेक वेळा एपीआय टीसी हेही दिसतं. ही अमेरिकी प्रत एअर-कूल्ड इंजिनांसाठीचीच आहे, चांगली आहे, पण धुराची कसोटी तीत नाही. टीसीबरोबर एफसी किंवा एफडी लिहिलेलं असेल तर डबा निर्धास्त घ्या.

एक प्रत मात्र नावानं फसवते: टीसी-डब्ल्यू३. यातला डब्ल्यू पाण्याचा. हे ऑइल होडीच्या आउटबोर्ड इंजिनासाठी बनतं. ते इंजिन नदी-समुद्राच्या पाण्यानं थंड होतं, त्यामुळे त्याचं ऑइल कमी तापमानाला स्वच्छ राहावं असं रचलेलं असतं आणि त्यात राख होणारे घटक जवळजवळ नसतात. हेच ऑइल एअर-कूल्ड चेन सॉच्या तापलेल्या पिस्टनवर गेलं की रिंगांच्या खाचेत थर धरतं. ऑइल चांगलंच आहे, जागा चुकीची. मोटारसायकलच्या २०डब्ल्यू-४०चंही तसंच. ते जळण्यासाठी बनवलेलंच नाही. त्यात झिंक आणि कॅल्शियमची संयुगं असतात, घट्टपणा टिकवणारे पॉलिमर असतात. जळल्यावर त्यांची राख प्लगच्या टोकावर आणि पिस्टनच्या डोक्यावर बसते. शिवाय ते पेट्रोलमध्ये लवकर मिसळत नाही, नीट हलवलं नाही तर तळाशी बसतं. घरात उरलेलं आहे म्हणून टाकलं, असं करणाऱ्यांची मशीन दोन-चार दिवस चालतेही, आणि तिथेच त्यांचा विश्वास बसतो.

प्रमाणाचा वाद सगळ्यात जुना. लिटरमागे २० मिलिलिटर म्हणजे ५०:१, २५ म्हणजे ४०:१, ३० म्हणजे ३३:१ आणि ४० म्हणजे २५:१. श्टील कंपनी आपल्या ऑइलसाठी ५०:१ सांगते आणि दुसऱ्या कंपनीचं टीसी ऑइल असेल तर २५:१. हुस्कवार्ना आपल्या ऑइलसाठी ५०:१ आणि एफबी दर्जाच्या इतर ऑइलसाठी ३३:१ सांगते. बाजारात आणि ऑनलाइन मिळणाऱ्या ५८ सीसीच्या चिनी मशीनबरोबर जी प्लास्टिकची मिसळण्याची बाटली येते, तिच्यावर बहुधा २५:१ची खूण असते. यावरून एक गोष्ट उघड होते: प्रमाण नुसतं मशीनवर ठरत नाही, मशीन आणि ऑइल या जोडीवर ठरतं. मशीनबरोबर आलेल्या पुस्तिकेत जे लिहिलंय त्याच्या खाली उतरू नये. ऑइलची प्रत माहीत नसेल तर जास्त ऑइलच्या बाजूला राहावं.

"थोडं जास्तच टाका, मशीन थंड राहती" हा सल्ला मात्र एका मर्यादेपर्यंतच खरा. कार्बोरेटरचं जेट ठरावीक द्रव आत सोडतं. त्यात ऑइलचा वाटा वाढला की पेट्रोलचा वाटा तेवढा घटतो आणि हवेच्या मानानं मिश्रण पातळ होतं. पातळ मिश्रण जास्त तापतं. म्हणजे कार्बोरेटरला हात न लावता नुसतं ऑइल वाढवत नेलं, तर थंडाव्याच्या नावाखाली इंजिन उलट तापायला लागतं, वर प्लग आणि सायलेन्सरची जाळी चोंदते ते निराळंच. ऑइलचं प्रमाण बदललं की मिस्त्रीकडून कार्बोरेटरचा एच स्क्रू (फुल रेसचं मिश्रण ठरवणारा) तपासून घ्यायला हवा. जाणता मिस्त्री ते कानानं करतो. मशीन लाकडाबाहेर फुल रेसला धरली की आवाज किंचित फुटका, अडखळता यायला हवा, आणि लाकडात घातल्याबरोबर साफ व्हायला हवा. बाहेरच आवाज एकसुरी आणि किंचाळल्यासारखा असेल तर मिश्रण पातळ आहे. अशी मशीन हलकी आणि जोरदार वाटते, चालवणाऱ्याला आवडते, आणि सगळ्यात आधी सीझ होते.

यात गेल्या काही वर्षांत पेट्रोलचीच भर पडली. २०२३च्या फेब्रुवारीपासून देशात २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल पंपावर यायला लागलं आणि २०२५पर्यंत ते सगळीकडे पोचलं. उसाच्या पट्ट्यातल्या शेतकऱ्याला इथेनॉलचा पैसा मिळतो, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण चेन सॉच्या बऱ्याच जुन्या पुस्तिकांमध्ये इथेनॉलची मर्यादा १० टक्के लिहिलेली आहे. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे जेट तेच राहिलं तरी मिश्रण पातळ पडतं. एच स्क्रू पुन्हा लावण्याचं हे आणखी एक कारण. इथेनॉल कार्बोरेटरचे रबरी पडदे आणि पेट्रोलची नळी कडक किंवा सैल करतं, तेही खरं.

यापेक्षा कमी लोकांच्या लक्षात येणारी गोष्ट पाण्याची. इथेनॉल हवेतली वाफ ओढून घेतं. अर्धवट भरलेला कॅन पावसाळ्यात झाकण सैल ठेवून पडून राहिला, किंवा कॅन धुताना पाणी राहून गेलं, तर एका मर्यादेनंतर पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन पेट्रोलपासून वेगळं होतं आणि तळाला बसतं. टू-टी ऑइल वरच्या पेट्रोलमध्ये राहतं. चेन सॉच्या टाकीतला फिल्टर मुद्दाम वजनदार केलेला असतो, मशीन कशीही वाकडी धरली तरी तो तळाशीच पडावा म्हणून. तो तळचं द्रव ओढतो, आणि त्या द्रवात ऑइल जवळजवळ नसतं. ऑइल उत्तम, प्रमाण बरोबर, तरी पिस्टन कोरडा. तपासणं सोपं आहे: कॅनमधलं थोडं मिश्रण पारदर्शक काचेच्या बाटलीत घेऊन उन्हापासून दूर, दहा मिनिटं स्थिर ठेवा. खाली वेगळा, रंग नसलेला थर दिसला तर तो कॅन मशीनमध्ये ओतू नका. टू-टी ऑइलमध्ये निळा, हिरवा, लाल असा रंग घातलेला असतो तो याच कामी येतो. ऑइलचा रंग दिसला म्हणजे ऑइल मिसळलेलं, नाही दिसला तर नुसतं पेट्रोल. घाईत नुसतं पेट्रोल भरलेली मशीन फुल रेसवर काही मिनिटंच तग धरते.

म्हणून मिश्रण आठवड्याला लागेल तेवढंच करावं. आधी कॅनमध्ये थोडं पेट्रोल, त्यात मोजून ऑइल, नीट हलवायचं, मग उरलेलं पेट्रोल, पुन्हा हलवायचं. मोजायला झाकण न वापरता औषधाचं मापटं किंवा मोठी सिरिंज वापरावी. झाकणानं मोजलेले '२० एमएल' कधी बारा भरतात, कधी तीस. पेरणी लागली आणि मशीन काही महिने ठेवून द्यायची असेल तर टाकी रिकामी करून, मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवून ठेवावी.

ऑइल आपलं काम करतंय का, हे मशीन स्वतःच दाखवते. दिवसभर काम केल्यावर प्लग काढून बघा. टोक फिकट तपकिरी, कोरडं असेल तर सगळं ठीक. पांढरं, भाजल्यासारखं असेल तर मिश्रण पातळ आहे, काम थांबवावं. काळं आणि ओलसर असेल तर ऑइल जास्त आहे किंवा एअर फिल्टर चोंदलाय. याहून खात्रीची जागा सायलेन्सरच्या मागे आहे. मशीन थंड झाल्यावर सायलेन्सरचे बोल्ट काढा, दोरी हळू ओढून पिस्टन खाली-वर करा आणि एक्झॉस्टच्या भोकातून टॉर्च मारा. निरोगी पिस्टनच्या कडेवर कंपनीच्या यंत्रकामाच्या बारीक आडव्या रेषा अजून दिसतात. उभे ओरखडे फक्त एक्झॉस्टच्या बाजूला असतील तर सहसा ताप किंवा ऑइलची कमतरता. त्याच वेळी रिंगेकडे बघा, लाकडी काडीनं हलकेच दाबा. ती आत दबून परत बाहेर यायला हवी. तिथे तपकिरी लाख बसून रिंग चिकटलेली असेल तर ऑइलची प्रत बदलायची वेळ झालेली आहे. सायलेन्सरच्या तोंडाची बारीक जाळीही त्याच वेळी काढून साफ करावी. जाळी चोंदली की मशीन ओढत नाही, आणि माणूस दोष कार्बोरेटरला देतो.

साखळीच्या ऑइलची टाकी वेगळी असते, तिचा इंजिनाशी संबंध नाही. तरी एक सांगतो: ट्रॅक्टरचं काढलेलं काळं ऑइल त्या टाकीत ओतण्याची सवय वाईट. त्यातले धातूचे कण ऑइलचा पंप खातात, आणि ते ऑइल साखळीच्या पट्टीच्या टोकाकडून उडून चालवणाऱ्याच्या अंगावर आणि शेताच्या मातीत जातं.

राहता राहिला पैशाचा प्रश्न, कारण दुकानात हात आखडतो तो तिथेच. समजा साधं, प्रत न लिहिलेलं ऑइल लिटरला ३५० रुपयांना आणि एफडीचं ७५० रुपयांना मिळतं. साधं ऑइल २५:१नं टाकलं तर लिटर पेट्रोलमागे ४० मिलिलिटर, म्हणजे १४ रुपयांचं. एफडी ऑइल, जिथे मशीनची पुस्तिका परवानगी देते तिथे, ५०:१नं टाकलं तर २० मिलिलिटर, म्हणजे १५ रुपयांचं. लिटरमागे एका रुपयाचा फरक. पुस्तिका २५:१च मागत असेल तर एफडी ३० रुपयांना पडेल, म्हणजे १६ रुपये जास्त. दिवसाला पाच लिटर पेट्रोल जाळणाऱ्या मशीनला हे ८० रुपये होतात. मशीन एक दिवस मिस्त्रीकडे पडून राहिली तर त्या दिवसाची मजुरी आणि ट्रॅक्टरचं भाडं याच्या कितीतरी पट बुडतं, ब्लॉक-पिस्टनचा खर्च वेगळा.

आणि या हिशेबात न येणारा एक माणूस आहे: मशीन धरणारा. सायलेन्सर त्याच्यापासून हातभर अंतरावर असतो. बुंध्यावर वाकून कापताना धूर थेट तोंडावर येतो, सहा-सहा, सात-सात तास. बहुतेकांच्या नाकाला रुमालाशिवाय काही नसतं. धुराच्या चाचणीतला ४५ आणि ८५ हा फरक जपानी प्रयोगशाळेत मोजलेला असला, तरी तो भोगायचा या माणसाला. ऑइल विकत घेणारा मालक आणि धूर घेणारा मजूर बहुतेक वेळा वेगवेगळे असतात, म्हणून दुकानात एफसी-एफडी मागण्याची जबाबदारी मालकाची. दुकानदाराकडे नसेल तर नांदेडहून किंवा लातूरहून मागवून द्यायला सांगा. तालुक्यात दोन-चार ठेकेदारांनी मागणी लावून धरली की पुढच्या हंगामात ते डबे फळीवर दिसायला लागतात.